अकरा नंबरच्या तारा

गिटारच्या ज्या भागावर तारा टेकतात त्याला ब्रिज म्हणतात. एवढा एक शब्द संघमित्रा आपल्या पप्पांसमोर बोलली नसती, तर घाटकोपरच्या त्या सोसायटीतला पुढचा सगळा राडा टळला असता. पण ती बोलली. आणि ज्याच्यासमोर बोलली तो अनिरुद्ध शिरसाट नेमका सरकारी बांधकाम खात्याच्या पूल विभागात होता.

आता पूल विभागात असणं म्हणजे पूल बांधणं नव्हे, हे अनिरुद्धच्या बायकोला, रश्मीला, लग्नानंतर लवकरच कळलं होतं. अनिरुद्ध पुलाखाली जाऊन उभा राहायचा, मान वर करून बराच वेळ बघायचा आणि अहवालात ‘स्थिती समाधानकारक’ असं लिहायचा. मानेचा पट्टा त्याला लागला तो त्यामुळेच. पण माणूस इतकी वर्षं पुलांकडे बघत राहिला की पूल आपल्याला कळतात असं त्याला वाटू लागतं. त्यात त्याचा दोष नसतो.

प्रकरण असं होतं. सोसायटीच्या गच्चीवर रविवारी संध्याकाळी बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम ठरला होता, आणि त्यात अनिरुद्धची आई, सोनूबाई, गाणार होत्या. एके काळी वस्तीतल्या बायकांच्या गाण्याच्या पार्टीत त्या पुढे उभ्या राहायच्या. मग घशाचं ऑपरेशन झालं, आवाज खाली उतरला, जाड झाला, आणि त्यांनी चारचौघांत गाणं सोडून दिलं. "बाईमाणसाचा आवाज असा असतो व्हय? भोंगा वाजल्यावानी वाटतं," म्हणायच्या. नातीचं मत वेगळं होतं. लसूण सोलताना आजी तोंडातल्या तोंडात ओव्या गुणगुणायची आणि संघमित्रा आतल्या खोलीत आपल्या इलेक्ट्रिक गिटारवर ते सूर शोधत बसायची. असं करत करत तिने एक दिवस आजीकडून होकार काढला. कसा काढला ते घरात कोणालाच कळलं नाही. अनिरुद्धला एवढंच माहीत होतं, की हा होकार कच्च्या विटेसारखा आहे. जरा कुठे पाणी लागलं की विरघळणार.

"पप्पा, ऐक," संघमित्रा बॅग भरता भरता म्हणाली. कंपनीने तिला ट्रेनिंगला नाशिकला पाठवलं होतं, आणि ती शनिवारी परतणार होती. "आजीचा आवाज खाली आहे. गिटार तेवढी खाली आणली की माझ्या नऊ नंबरच्या तारा एकदम लूज पडतात, वाळत घातलेल्या नाड्यांसारख्या. म्हणून मी अकरा नंबरच्या मागवल्यात. जाड. पण जाड तारा लावल्या की ओढ बदलते, मग ब्रिज वगैरे सगळं परत सेट करावं लागतं. मुलुंडला एक जण करून देतो, त्याच्याकडे मम्मीला नेऊन द्यायला सांग."

एवढ्या बोलण्यातला एकच शब्द अनिरुद्धच्या कानात शिरला. पेपर खाली आला.

"ब्रिज? गिटारला ब्रिज असतो?"

"असतो ना. हा काय."

"मग मुलुंडला कशाला? ते माझं खातं."

"पप्पा, हा ब्रिज वेगळा."

"पूल तो पूल. भार येतो कुठून आणि जातो कुठे, एवढाच प्रश्न असतो."

"तू हात लावू नकोस हां, प्लीज," संघमित्रा म्हणाली, आणि गेली. बापाला एखाद्या कामाची गोडी लावायची असेल तर याहून चांगलं वाक्य नाही.

तरीपण खरं सांगायचं तर अनिरुद्धने लगेच हात लावला नाही. आधी तारा यायला हव्या होत्या. त्या आल्या, दारात आल्या, पार्सलवाल्याच्या हातात अनिरुद्धला दिसतही होत्या. पण पार्सल संघमित्राच्या नावाचं, आणि ओटीपी गेला होता नाशिकला तिच्या फोनवर, जो ट्रेनिंगवाल्यांनी सकाळीच टोपलीत जमा करून घेतला होता.

"मी तिचा बाप आहे," अनिरुद्ध म्हणाला.

"असाल साहेब. ओटीपी नाही तर पार्सल नाही."

"हे माझं आधार. हे बघा, आडनाव तेच. चेहरासुद्धा तोच."

पार्सलवाल्याने चेहरा बघितला आणि आडनावाबद्दल हरकत घेतली नाही. पण पार्सल दिलं नाही. सरकारी नोकरीत अनिरुद्धने आजवर किती लोकांना ‘कागद पूर्ण करून आणा’ असं सांगितलं असेल, आणि दर वेळी त्याचा आवाज किती शांत असायचा! तोच शांत आवाज आज समोरून येत होता, आणि ऐकायला किती भयंकर वाटतो ते त्याला प्रथमच कळलं. शेवटी रश्मीने ट्रेनिंगच्या हॉटेलात फोन लावला, हॉटेलवाल्याने टोपलीतून फोन शोधला, संघमित्राला हॉलबाहेर बोलावलं, आणि ‘घरी काहीतरी झालंय’ या भीतीने धावत आलेल्या मुलीने चार आकडे सांगितले. तोपर्यंत पार्सलवाल्याचा चहा पिऊन झाला होता. रश्मीनेच दिला होता.

मुलुंडच्या माणसाला फोन केला तर तो गोव्याला कोणाच्या तरी लग्नात वाजवायला गेला होता. सोमवारी येणार.

"राहू द्या की मग," सोनूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "बाजाच नाय तर गायचं कशाला? मला काय हौस नाय."

ही ती पाण्याची पहिली धार. अनिरुद्धने आईकडे बघितलं. तिने मुद्दाम पाठ केली होती, पण ती पाठ काय म्हणत होती ते त्याला ऐकू आलं. त्याने त्याच मिनिटाला ऑफिसात रजेचा मेसेज टाकला. कारण : ब्रिजचे तातडीचे काम. पाठोपाठ साहेबांचा घाबरलेला फोन आला, "शिरसाट, कुठला पूल? पेपरवाले पोचलेत का?" तो खुलासा करण्यात बराच वेळ गेला.

शुक्रवारी नाश्ता झाल्यावर अनिरुद्धने डायनिंग टेबलवर जुनी चादर अंथरली, गिटार झोपवली, मानेला पट्टा बांधला आणि पकड घेऊन सगळ्या तारा एका दमात कापल्या.

खाट्!

ब्रिज मागच्या मागे आपटला. रश्मी धावत आली. अनिरुद्ध पकड हातात धरून उभा होता, आणि पुलाखालून वर बघताना जो चेहरा त्याला कधीच करावा लागला नव्हता तो त्याने आज केला होता.

"कोसळला?" रश्मीने विचारलं.

"स्थिती…" अनिरुद्ध म्हणाला.

त्याने गिटार पालथी केली. पाठीवर प्लास्टिकचं झाकण होतं, ते उघडलं. आत एका खाचेत जाड स्प्रिंगा ताणून बसवलेल्या होत्या. त्या ब्रिजला मागे ओढत होत्या. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. पुढून तारा ओढतात, मागून स्प्रिंगा ओढतात, आणि दोघांच्या भांडणात ब्रिज मधल्या मधे तरंगत राहतो. कशावरही टेकलेला नसतो. आपण एका बाजूची माणसंच कापून टाकली, मग दुसरी बाजू जाऊन आपटणार नाही तर काय?

"रश्मी, हे बघ! अगं, बघ तर खरं. हा पूल आधाराशिवाय उभा होता. नुसत्या ओढीवर!"

"आता पडलाय ना पण?" रश्मी म्हणाली.

बायकोच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करून त्याने फोनवर एक व्हिडिओ लावला. त्यातला दाढीवाला इंग्रजीत सांगत होता की गिटारच्या मानेत, लाकडाच्या आत, एक लोखंडी सळई असते. तारा मानेला पुढे वाकवतात, सळई तिला मागे खेचते. अनिरुद्धने व्हिडिओ थांबवला. मानेच्या टोकाला एक बारीक भोक होतं. त्यात टॉर्च मारला. आत खरोखरच लोखंड चमकलं.

"लाकडात सळई," तो पुटपुटला. पाच वर्षं ही वस्तू घरात होती. तिच्यावरून त्याने धूळ झटकली होती, एकदा तर तिच्यावर टॉवेल वाळत घातला होता, आणि आत एवढा मोठा हिशोब चालला होता याचा त्याला पत्ता नव्हता. "आई, इकडे ये. या सगळ्या तारा मिळून केवढी ओढ लावतात माहितीय? पन्नासेक किलो! म्हणजे अख्खी तू या मानेला दिवसरात्र लटकलेली आहेस असं समज."

सोनूबाईंनी गिटारच्या बारीक मानेकडे बघितलं. "आन् मोडत नाय?"

"नाही मोडत."

"बाई गं," सोनूबाई म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून जवळ बसल्या.

नव्या तारा चढवायला सुरुवात झाली. आणि इथे, ज्याला अपघात म्हणता येणार नाही पण ज्याची सगळी फळं अपघाताची होती, अशी एक गोष्ट घडली. फोनवरच्या सूर लावायच्या ऍपने विचारलं, ‘स्टॅंडर्ड?’ सरकारी माणसाला कोणी ‘स्टॅंडर्ड?’ असं विचारलं तर तो दुसरं काय सांगणार? अनिरुद्धने ‘हो’ दाबलं. आजीसाठी सूर खाली आणायचा, म्हणूनच तर जाड तारा, हे मुलीने सांगितलेलं मूळ कारण ‘ब्रिज’ या शब्दाच्या गडबडीत कधीच वाहून गेलं होतं.

जाड तारा वरच्या सुराला चढू लागल्या. खुंटी पिळली की काहीच होईना, आणि मग एकदम ‘टण्ण’ असा आवाज होऊन सूर उडी मारून पुढे जाई. त्याचं कारण वरच्या टोकाची पांढरी पट्टी. तिला नट म्हणतात. तिच्या खाचा बारीक तारांच्या मापाच्या, आणि त्यात जाड तारा अडकत होत्या. अनिरुद्ध खाली हार्डवेअरच्या दुकानात गेला आणि म्हणाला, "नटाची खाच रुंद करायचीय." दुकानदार म्हणाला, "नवाच घ्या ना. कितीचा? बोल्ट पण देऊ?" पुढचं संभाषण दोघांनाही आवडलं नाही.

वर येताना जिन्यात परबकाका भेटले. अनंत परब हे सोसायटीचे सेक्रेटरी. माणूस म्हणून बोलायचे तेव्हा मालवणी बोलायचे, आणि सेक्रेटरी म्हणून बोलायचे तेव्हा अगदी छापील मराठी. आत्ता ते माणूस होते.

"काय रे शिरसाटा, ह्यां काय मांडलंस? सकाळपासून टण् टण् ऐकतंय."

अनिरुद्धने सांगितलं.

"मेल्या, वाद्य म्हटल्यावर तेका ऊन होया! आमच्या भजनात पखवाज रुसलो काय आम्ही तेका ऊन दाखवतो. नायतर कणीक लाव."

"काका, हे इलेक्ट्रिक आहे."

"मगे बटन बंद करून लाव."

अनिरुद्धने कणीक लावली नाही, याची नोंद घेतली पाहिजे. पण ऊन? माणूस संकटात असला की सल्ल्यातला अर्धा भाग तरी घेतोच. गिटार जरा वेळ बाल्कनीत ठेवली. मे महिन्याचं ऊन. आत आणली तेव्हा एकही तार आपल्या सुरात नव्हती आणि स्टीलच्या ब्रिजवर हात ठेवता येत नव्हता.

खाचांचा प्रश्न सुटला तो अनपेक्षित ठिकाणी. तळमजल्यावर डॉक्टर शुभाचा दातांचा दवाखाना होता. रश्मी दाढ दाखवायला गेली होती, तिने सहज गाऱ्हाणं मांडलं, आणि डॉक्टर शुभा म्हणाली, "आणा की! वर बसून काय करताय? माझ्याकडे सुईएवढ्या कानशी आहेत, मापाच्या. रोज काय करते मी?"

गिटार दवाखान्याच्या खुर्चीवर आडवी झाली. डॉक्टर शुभाने वरचा दिवा ओढला, मास्क चढवला, भिंगाचा चष्मा लावला आणि पांढऱ्या पट्टीत बारीक कानस घातली. बाहेर बाकावर गाल सुजलेला एक पेशंट बसला होता. तो दारातून हे बघत होता, आणि त्याचा डॉक्टरवरचा विश्वास वाढत होता की कमी होत होता ते सांगता येणार नाही.

"दुखलं तर हात वर करा," डॉक्टर शुभा गिटारला म्हणाली.

अनिरुद्ध हसला नाही. तो त्या हाताकडे बघत होता. एकदा घासायचं, फुंकर मारायची, तार घालून बघायची, पुन्हा जरासं घासायचं. जाड तार खाचेत अशी बसली, की जणू तिच्यासाठीच ती खाच होती. "आता पेन्सिलीच्या शिशाची पूड घाला," डॉक्टर म्हणाली. "सरकेल." अनिरुद्धने पेन्सिल फिरवली. टण्ण बंद झालं. रोज तो या बाईला लिफ्टमध्ये ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचा. या हातांना आपण आजवर नुसतं गुड मॉर्निंग म्हणत होतो, असं त्याला वाटून गेलं.

पण वर आल्यावर तारा पुन्हा स्टॅंडर्डला चढल्या, आणि मग पूल उठला. ब्रिज मागून असा वर आला की खाली बोट जाईल. मान पुढे वाकली. तारा मानेवरच्या धातूच्या पडद्यांपासून इतक्या उंच गेल्या की खालून उंदराची वरात निघाली असती. अनिरुद्धने ऑफिसच्या पिशवीतून आपली पाणसळ काढली, ब्रिजवर ठेवली. बुडबुडा एका कोपऱ्यात जाऊन बसला.

"भार जास्त आलाय," तो म्हणाला. आता मात्र तो खात्याच्या भाषेत आला. पाठीमागचे स्क्रू पिळून स्प्रिंगांची ओढ वाढवली. संघमित्राच्या अभ्यासाच्या टेबलाबरोबर आलेली षट्कोनी चावी मानेतल्या भोकात घालून सळई आवळली. चावी फिरताना लाकडातून बारीक कुरकुर आली, आणि अनिरुद्धच्या स्वतःच्या मानेतून त्याच वेळी तशीच कुरकुर आली. बुडबुडा हळूहळू मधे सरकला. वा! तेवढ्यात एक तार किंचित उतरली. तो तिची खुंटी पिळू लागला. सूर काही चढेना. आणखी पिळली. चढेना. तो छेडत होता दुसरी तार आणि पिळत होता तिसरीची खुंटी, हे त्याच्या लक्षात आलं ते तिसरी तार तुटून त्याच्या कानावरून सणसणत गेली तेव्हा.

फोन वाजला. नाशिक. तिकडे सुट्टीत फोन परत मिळाले होते.

"पप्पा, कसं चाललंय?"

"झकास," अनिरुद्ध कान चोळत म्हणाला.

नवी तार आणायला मुलुंडच्या वाद्यांच्या दुकानात जायला हवं होतं, आणि चूक नको म्हणून गिटारसकट. गेटवर वॉचमनने अडवलं. मागे एका घरातला फ्रीज कोणाला न कळता सोसायटीबाहेर गेला होता, तेव्हापासून मोठी वस्तू बाहेर न्यायची तर पास लागायचा. पास द्यायचे सेक्रेटरी. परबकाका आले, आणि त्यांनी चष्मा लावला. म्हणजे आता छापील मराठी.

"वस्तूचा प्रकार सांगावा. फर्निचर की विद्युत उपकरण?"

"गिटार आहे काका. तुम्ही सकाळीच ऐकलीत."

"इलेक्ट्रिक आहे असं आपणच म्हणालात. विद्युत उपकरण असल्यास इलेक्ट्रिशियनचा शेरा लागेल."

"मग फर्निचर लिहा. लाकडाची आहे."

"फर्निचर असल्यास लिफ्टमधून आणताना आत चादर लावली होती काय?"

अनिरुद्धने डोळे मिटले. स्वतःच्या खात्यातले सगळे अर्जदार त्याच्या बंद डोळ्यांसमोरून हात जोडून गेले. शेवटी ‘इतर’ या रकान्यात परबकाकांनी स्वतःच्या हाताने ‘आईच्या गाण्याचे सामान’ असं लिहिलं, सही केली, चष्मा काढला आणि हळूच म्हणाले, "म्हातारी खरीच गातली? बरां होईत. जा बाबा, लवकर ये."

संध्याकाळी नवी तार लागली. आता सगळं पुन्हा जागेवर होतं. बुडबुडा मधे होता. पण तारा लोखंडी गजासारख्या ताठ झाल्या होत्या. रश्मीने एक दाबून बघितली आणि बोट तोंडात घातलं. "हे ती वाजवणार कशी?" सोनूबाईंनी शेजारी बसून गुणगुणून बघितलं. त्यांचा आवाज कुठे खाली, गिटार कुठे वर. त्यांनी वर जायचा प्रयत्न केला, घसा खरखरला, आणि त्या थांबल्या.

"बघितलंस?" त्या हसून म्हणाल्या. पण हसणं पुरतं उमटलं नाही. "माझंच खोटं हाय रं. तुझ्या बाज्याचं नाय."

अनिरुद्धला त्या क्षणी आपला सगळा मान, सगळं खातं आणि मानेचा पट्टा नको झाला. त्याने नाशिकला व्हिडिओ कॉल लावला आणि जे झालं ते सगळं सांगून टाकलं. स्टॅंडर्डपर्यंत आल्यावर पलीकडून किंकाळी आली.

"पप्पा! वाट लावलीस! आजीसाठी सूर खाली आणायचाय ना? म्हणून तर जाड तारा! खाली आणल्या की त्यांची ओढ जवळपास जुन्यांएवढीच राहते. तुला काहीच आवळायचं नव्हतं रे!"

"काहीच?"

"नट सोडून काहीच."

अनिरुद्धने षट्कोनी चावी टेबलावर ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा अनिरुद्धने अहवाल न लिहिता पुलाला प्रत्यक्ष हात लावला होता, आणि पुलाला त्याची गरजच नव्हती.

"आता ऐक," संघमित्रा म्हणाली. "ऍप ठेव बाजूला. जेवढी सळई आवळलीस तेवढी सोड. मागचे स्क्रू पण. आणि सगळ्यात जाड तार आजीच्या आवाजाला लाव. आजी, तू ओवी संपवताना जिथे थांबतेस ना, तो एकच सूर धर."

"मी?" सोनूबाई म्हणाल्या. "मला नाय कळत ते सूरबीर."

"तू फक्त थांब, आजी. तिथे थांब."

सोनूबाईंनी पदर सारखा केला, डोळे मिटले आणि घशातून एक खोल, जाड, सावळा सूर काढला. अनिरुद्ध खुंटी सोडू लागला. तार उतरत आली. "अजून," सोनूबाई मधेच थांबून म्हणाल्या, आणि परत तोच सूर धरला, केसभरही न हललेला. "अजून खाली. अजून. हां… आलास जवळ. थोडा." आणि मग तार आणि आई यांच्यातलं अंतर संपलं. दोघांचा मिळून एकच आवाज घरात उरला, आणि टेबलावरचा पेला बारीक किणकिणू लागला.

बाकीच्या तारा संघमित्राने फोनवरून कान देऊन लावून घेतल्या. एकेक तार उतरली तसा गिटारचा देह सैल होत गेला. अनिरुद्धने सळई सोडली, स्प्रिंगा सोडल्या, स्वतः केलेलं सगळं उलट्या क्रमाने पुसून टाकलं. पुलाने जणू सुटकेचा श्वास घेतला. मान सरळ झाली, तारा पडद्यांजवळ येऊन विसावल्या, ब्रिज तरंगत तरंगत आपल्या जागी आला. त्याने पाणसळ ठेवली नाही. त्याला डोळ्यांनीच दिसत होतं. ज्या आवाजाला आपल्या घरात ‘खाली गेलेला’ म्हणत होते, तिथे आल्यावर हे सगळं यंत्र, सळई, स्प्रिंगा, लाकूड, शांत झालं होतं. त्याने तारेवर हलकेच अंगठा ओढला. तो आवाज त्याच्या टेबलावर टेकलेल्या कोपरातून छातीत शिरला. आवाज विरेपर्यंत तो तारेकडेच बघत राहिला.

"पप्पा, हँग झालास काय?" फोनमधून आवाज आला.

"नाही गं," तो म्हणाला. "बघतोय."

शनिवारी संघमित्रा आली, तिने बारीकसारीक काय ते केलं, नटाच्या खाचांवर बोट फिरवलं आणि "हे कोणी केलं? एकदम साफ!" म्हणून विचारलं. डॉक्टर शुभाचं नाव ऐकून ती तशीच खाली गेली आणि तिला कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसायचं आमंत्रण देऊन आली.

रविवारी संध्याकाळी गच्चीवर सतरंज्या घातल्या होत्या. बुद्धांच्या मूर्तीसमोर मेणबत्त्या लावल्या होत्या. वाऱ्याने त्या विझत, आणि परबकाका न थकता परत लावत. वंदना झाली, खीर वाटून झाली. मुलांची भाषणं झाली. मग संघमित्रा गिटार घेऊन स्टुलावर बसली, आणि सोनूबाई पांढरं लुगडं नेसून तिच्या शेजारी खुर्चीत. माइक समोर आल्यावर त्यांनी नातीचा हात धरला. अनिरुद्ध त्यांच्या मागे पाण्याच्या टाकीला टेकून उभा होता. आता करण्यासारखं त्याच्या हातात काहीही नव्हतं, आणि असं उभं राहणं पुलाखाली उभं राहण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं.

संघमित्राने जाड तार छेडली. सूर गच्चीवरून पसरला, दाट, ठाम. सोनूबाईंनी नातीचा हात सोडला.

"पाण्याला गेले बाई, विहीर बोलली मला,
वाकून बघ गं बाई, आत उजेड पडला…"

तो आवाज बारीक नव्हता, गोड नव्हता. तो जमिनीतून आल्यासारखा आला आणि वर चढायची त्याला काही घाई नव्हती. गिटार त्याच्याखाली सतरंजीसारखी अंथरत गेली. पुढे पळणारी पोरं होती तिथेच बसली. परबकाकांच्या हातातली काडी जळत बोटापर्यंत आली, तरी त्यांना समजलं नाही. पहिल्या रांगेत डॉक्टर शुभाने चष्मा काढून मांडीवर ठेवला. रश्मी कधी अनिरुद्धच्या बाजूला येऊन उभी राहिली ते त्याला कळलं नाही. आपली आई ही आपली आई आहे, एवढंच त्याला इतकी वर्षं माहीत होतं. ही कोण बसली आहे तिथे? एवढा आवाज या एवढ्याशा देहात कुठे ठेवला होता हिने? त्याने कठडा घट्ट धरला. समोर अख्खं घाटकोपर दिव्यांनी भरलं होतं, आणि त्याला वाटलं की खाली ते सगळे लोकही जरा थांबून ऐकत असणार.

शेवटचा सूर आला. सोनूबाई तिथे थांबल्या. तार थांबली. मग काहीच नाही. कोणी टाळी वाजवेना, कोणी खोकेना, कोणी हलेना. इतकी माणसं गच्चीवर, आणि फक्त वारा.

सोनूबाईंनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. माइकवर दोनदा टिचकी मारली. मग मागे वळून टाकीपाशी उभ्या असलेल्या लेकाला मोठ्याने विचारलं,

"आरं अनिरुद्धा, बंद पडलं का रं हे? कुणालाच ऐकू नाय गेलं वाटतं."

अनिरुद्धने नुसता हात वर केला.

"बरं, मग परत म्हणते," सोनूबाई म्हणाल्या, नातीला मान हलवून खूण केली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.